रॅकवर पडलेल्या साच्याविषयी : नाशिकच्या औद्योगिक संघटनांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या सर्व औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात आपल्या बहुतेक बैठकांना मी हजर होतो, मागच्या रांगेत. इलेक्ट्रिक वाहनं, ड्रोन, बॅटरी, संरक्षण साहित्य यातलं काहीतरी मोठं नाशिकला यावं, एखादी मदर इंडस्ट्री, म्हणजे लहान पुरवठादारांना काम देणारा मोठा कारखाना, यावी, म्हणजे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडना काम मिळेल, असं सगळेच पोटतिडकीने बोलत होते. त्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण असं काम प्रत्यक्ष घेतल्यावर शेडमध्ये काय होतं, हा विषय कुणी काढला नाही. मलाही तेव्हा उठून बोलणं जमलं नाही, म्हणून लिहितोय.

अंबडला माझी टूलरूम आहे, म्हणजे साचे बनवायची शेड. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं), एक वायरकट (विजेच्या तारेने पोलाद कापणारं यंत्र), एक स्पार्क इरोजन (ठिणगीने पोलाद कोरणारं यंत्र), ग्राइंडर आणि अकरा माणसं. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. मी आयटीआय केलं, सातपूरला उमेदवारी केली आणि १९९४ मध्ये भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर सुरुवात केली. जवळजवळ तीस वर्षं घर चाललं ते डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर. पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती नग हवेत त्याचा तक्ता, यायचं, त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायचं आणि एकदा बनवलेलं फिक्स्चर (मशीनवर सुटा भाग पकडून ठेवणारी चौकट) सात-आठ वर्षं मशीनवर चढत-उतरत राहायचं. पैसे उशिरा यायचे, पण काम कुठे जाईल याची भीती नसायची.

जानेवारी २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी एक नवी कंपनी आमच्याकडे आली. तिचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिच्याविषयी नाही. आलेला मुलगा एकोणतीस वर्षांचा, नाशिकच्याच कॉलेजात शिकलेला. त्याने माझ्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक पेटी ठेवली. ठोकळ्यातून मिल करून काढलेला बॅटरीच्या खोक्याचा नमुना होता तो. म्हणाला, "काका, याचा साचा करायचाय." मी ड्रॉइंग पाहिलं. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, उष्णता बाहेर टाकायला बाहेरून काढलेल्या पट्ट्या, साच्यातून कास्टिंग सहज सुटावं म्हणून दिलेला उतार अगदी बरोबर. पोराला काम कळत होतं. आपल्या शहरातल्या मुलाने असं काही उभं करावं आणि त्याचा पहिला साचा आपल्या शेडमध्ये व्हावा, याचा मला खराखुरा आनंद झाला. आजही तो कमी झालेला नाही.

साच्याची किंमत ठरली १८ लाख रुपये. एवढी रक्कम आगाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. मग आपल्याकडे रूढ आहे तसंच केलं : साच्याचा खर्च नगावर पसरवायचा. २०,००० पेट्या धरून पेटीमागे ९० रुपये. कास्टिंग शेजारच्या फाउंड्रीत, मशीनिंग आमच्याकडे. पोलादासाठी आणि उष्णतेच्या प्रक्रियेसाठी मी बँकेची मर्यादा वाढवून घेतली. घर आधीपासूनच तारण होतं.

साचा तयार होत असतानाच, मार्च-एप्रिल २०२२ मध्ये, देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या. आपल्या नाशकातही ९ एप्रिलला कंटेनरमध्ये भरलेल्या वीस स्कूटरी जळाल्या. इतर राज्यांत माणसं दगावली. नियम कडक व्हायलाच हवे होते आणि ते झाले. बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा झाली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेलमध्ये ठरावीक अंतर हवं, आत वायू साठला तर बाहेर पडायला वाट हवी, पाण्यात बुडाली तरी पेटीच्या आत थेंब जाता कामा नये.

या एकेका ओळीचा साच्यावर काय परिणाम होतो, हे टूलरूमबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. वायूच्या झडपेसाठी पेटीला एक उंचवटा हवा. पेटीवर धातू वाढवायचा म्हणजे साच्यातलं पोलाद कमी करायचं, ते जमतं. पण सील बसायची कड आत सरकवायची, म्हणजे पेटीवरचा धातू कमी करायचा आणि साच्यात पोलाद वाढवायचं. तिथे वेल्डिंग करावं लागतं, आणि साडेसहाशे अंशांच्या वितळलेल्या ॲल्युमिनियमचा मारा बसला की वेल्डिंग केलेला साचा बहुधा त्याच जागी तडकतो. आम्ही तो भाग कापून नवा तुकडा बसवला. त्याला तीन लाख लागले. निम्मे कंपनीने दिले, निम्मे मी सोसले.

पेट्या सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत नवं ड्रॉइंग आलं. कंपनीला सेलचं रसायन बदलायचं होतं : निकेलवाल्या सेलऐवजी लोह-फॉस्फेटचे सेल, जे स्वस्त पडतात आणि सहजासहजी पेट घेत नाहीत. निर्णय शंभर टक्के योग्य. पण तेवढीच वीज साठवायला लोह-फॉस्फेटला जागा जास्त लागते, त्यामुळे पेटी लांबीला आणि उंचीला वाढणार. हा बदल जुन्या साच्यात बसण्यासारखा नव्हता. पहिल्या ड्रॉइंगवर 'ए' होतं, या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'एफ' लिहिलेलं होतं. पंधरा महिन्यांत सहा आवृत्त्या. डिझेलच्या भागाची एक आवृत्ती माझ्याकडे अकरा वर्षं चालली आहे.

नव्या साच्याचं बोलणं चालू असतानाच मे २०२३ उजाडला. इलेक्ट्रिक दुचाकींवरचं केंद्राचं अनुदान १ जूनपासून कमी होणार, हे मे महिन्याच्या उत्तरार्धात जाहीर झालं. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे १५,००० रुपये मिळायचे ते १०,००० होणार आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत असलेली मर्यादा १५ टक्क्यांवर येणार. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. मे महिन्यात देशात लाखाच्या वर इलेक्ट्रिक दुचाकी नोंदल्या गेल्या. आमच्याकडे दिवसाला दोन-दोन फोन. आम्ही रात्रपाळी लावली, एडीसी-१२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या विटा उधारीवर उचलल्या, मुलं शेडमध्येच झोपली. मी स्वतः पहाटे चार वाजता रिक्षात पेट्या भरून पोचवल्या आहेत.

जूनमध्ये देशातली नोंदणी निम्म्याहून खाली आली. जुलैचं शेड्यूल ईमेलवर आलं. रकाने नेहमीचेच, आमच्या पेटीचा भाग क्रमांक नेहमीच्याच जागी, आणि पुढच्या तिन्ही महिन्यांच्या खाली शून्य. ऑगस्टमध्ये त्या मुलाचा फोन आला. बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, तुमच्या पेट्यांचं बिल मी काहीही करून देतो. पुढचं मात्र आता माझ्या हातात राहिलं नाही." पेट्यांचं बिल त्याने दिलं, चार हप्त्यांत, शब्द पाळून.

आता साच्याचा हिशेब. एकूण ४,३०० पेट्या गेल्या. पेटीमागे ९० रुपयांनी ३,८७,००० रुपये वसूल झाले. १४,१३,००० राहिले. त्यावरचं व्याज आणि दुरुस्तीतले माझे दीड लाख वेगळे. साचा आजही मागच्या रॅकवर आहे. साडेपाचशे किलो पोलाद, गंज चढू नये म्हणून ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. दिवाळीत मुलं शेड साफ करतात तेव्हा त्याच्यावरची धूळही पुसतात. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, तो इथे लिहवत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगितलं, कारण माझं म्हणणं याच हिशेबात आहे. मला कुणी फसवलं नाही. मुलगा हुशार होता, बदल योग्य होते, सुरक्षेचे नियम आवश्यक होते, आणि अनुदान कधीतरी कमी होणारच होतं. तरी नुकसान झालं, आणि ते एकाच जागी साचलं. नवी हायटेक इंडस्ट्री नाशिकला आणायची असेल, तर ते कुठे साचतं हे आधी बघावं लागेल.

नव्या उद्योगाचं वय कमी असतं तेव्हा वस्तूचं रूपच ठरलेलं नसतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारीचंही असंच होतं. वाफेवरची, विजेवरची, पेट्रोलची, तिन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. अमेरिकेत १९०९ च्या सुमारास अडीचशेच्या वर मोटार कंपन्या होत्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला आली आणि १९२५ मध्ये २६० डॉलरला विकली गेली. गाडी कशी असायची हे एकदा ठरलं, किंमत उतरली, आणि त्या अडीचशेतल्या बहुतेक कंपन्या नाहीशा झाल्या. गिऱ्हाइकाचा त्यात फायदाच झाला. पण बुडालेल्या प्रत्येक कंपनीमागे कुणाची तरी फाउंड्री, कुणाची तरी टूलरूम असणारच. त्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत.

बॅटरीचं आज तेच चाललं आहे, फक्त वेग जास्त आहे. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता. २०२३ च्या अखेरीस तो लाखाच्या आसपास आला. जो कच्चा माल वर्षभरात सहाव्या हिश्श्यावर येतो, त्याच्यावर उभ्या असलेल्या वस्तूचं ड्रॉइंग स्थिर कसं राहील? माल स्वस्त झाला की डिझाइन बदलतं, डिझाइन बदललं की कालचा साठा महाग ठरतो, मग कंपनी खरेदी थांबवते. शोध आणि बाजारातली उलथापालथ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एक दुसरीला ढकलत असते. आपल्या बैठकांत मात्र शोधाचं कौतुक होतं, आणि बाजार पडला की ते दुर्दैव ठरतं.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरला लागणाऱ्या, दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली, तेव्हा आपल्याकडच्या नावाजलेल्या स्कूटर कंपनीलाही उत्पादन कमी करावं लागलं. ड्रोनचं घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली आणि देशी कंपन्यांचं पेव फुटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुट्या भागांत चिनी माल असल्याच्या कारणावरून लष्कराने ४०० ड्रोनची खरेदी रद्द केली. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, निर्णयावर मी बोलणार नाही. पण अशा ड्रोनच्या सांगाड्याचा साचा ज्याने स्वतःच्या कर्जाने केला असेल, त्याची रात्र कशी गेली असेल, ते मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, बदल तर डिझेलमध्येही झाले. झाले ना. धुराच्या प्रदूषणाच्या नियमांत बीएस-चारवरून थेट बीएस-सहावर उडी घेतली, इंजेक्टरचं सगळं तंत्र बदललं, सातपूरने ते सोसलं. पण सरकारने तो निर्णय जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला आणि तो लागू झाला १ एप्रिल २०२० ला. चार वर्षांहून जास्त वेळ मिळाला. मीही त्या काळात एक मशीन विकून दुसरं घेतलं, दोन मुलांना नवीन सॉफ्टवेअर शिकवलं. २०२३ च्या अनुदानकपातीला दोन आठवडेही मिळाले नाहीत.

आणि नाशिकला हे नवीन नाही. २००१ मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, तेव्हा दिंडोरीच्या माझ्या मामांनी टेबलाच्या द्राक्षाची दोन एकर बाग काढून वाइनची लावली. कंपनीने माल उचलायचा शब्द दिला होता. २००८ मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा उठाव थांबला. मामांचा माल वेलीवरच राहिला. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते पिंपळगावच्या बाजारात कोण घेणार? थॉमसनला, म्हणजे टेबलाच्या बिनबियांच्या द्राक्षाला, भाव पडला तर निदान बेदाणा होतो. मामांनी वेल उपटले. नाशिकचा वाइन उद्योग पुढे सावरला, मोठा झाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या वाढीत मामांचा वाटा मात्र राहिला नाही.

मामांचा वेल आणि माझा साचा, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाचे. गिऱ्हाईक गेलं की त्यांची किंमत सरपणाएवढी किंवा भंगाराएवढी.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे, आणि ते माझ्या मनात फार दिवस घोळतंय. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये विकिरण केंद्र उभं केलं. हेतू होता कांद्याला कोंब येऊ नयेत. कांद्यासाठी त्याचा वापर वाटला होता तेवढा वाढला नाही. पण २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, विकिरण केलेलाच आंबा घेऊ अशी अट घातली, आणि आपला हापूस लासलगावच्या त्याच यंत्रातून अमेरिकेला गेला. कोबाल्टच्या किरणांना समोर कांदा आहे की आंबा, याने फरक पडत नाही. एका मालासाठी उभारलेली सोय दुसऱ्या मालाच्या कामी आली, म्हणून ती वाया गेली नाही.

तेव्हा आपण सरकारकडे जे मागतो, त्यात एवढी निवड करावी ही माझी पहिली विनंती आहे. एका कंपनीसाठी सवलती, एका कंपनीसाठी भूखंड, हे मागायला माझी हरकत नाही. पण जोर लावायचा तो कंपनी गेल्यावरही इथे राहील अशा गोष्टींवर. शिलापूरची विद्युत उपकरणांची चाचणी प्रयोगशाळा तशी आहे. अंबडचं इंजिनिअरिंग क्लस्टर, म्हणजे लहान कारखान्यांसाठीचं सामायिक सुविधा केंद्र, तसं आहे. तिथे आणखी काय हवं, ते मी सांगू शकतो : बॅटरीच्या पेटीची गळती तपासायची सोय, कंपनाचं टेबल, मिठाच्या फवाऱ्याची मोठी चाचणीपेटी, कास्टिंगच्या आतली पोकळी दाखवणारं एक्स-रे मशीन. ही सामग्री स्कूटरच्या पेटीला लागते, ड्रोनच्या सांगाड्याला लागते आणि ओझरच्या कामालाही लागते. आज लहान टूलरूमवाला ही यंत्रं घेऊ शकत नाही, आणि ती नसल्यामुळे नवं काम आलं की पहिला महिना पुण्याच्या खेपा घालण्यात जातो.

ओझरचं नाव घेतलं, तर तेही बोलू. तिथला विमान कारखाना १९६४ चा. तिथे विमानं झाली, मिग-२१ पासून सुखोईपर्यंत. १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची जुळणी लाइन सुरू झाली. आपल्या सगळ्यांच्या आशा आता तिथे आहेत आणि त्या रास्त आहेत. त्या कामात मागणी वर्षानुवर्षांची असते, ८३ विमानांचा करार २०२१ मध्येच झाला. पण अमेरिकेतून इंजिनं उशिरा आली आणि सगळं वेळापत्रक पुढे गेलं, हेही आपण पाहिलं. मोठा कारखाना थांबू शकतो, त्याच्यामागे सरकार आहे. अंबडच्या शेडमध्ये तयार होऊन पडलेल्या ब्रॅकेटचं व्याज शेडवालाच भरतो.

दुसरी विनंती साच्याच्या पैशाची, आणि तीच खरी मुद्द्याची आहे.

लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असा कायदा २००६ पासून आहे. आता तर वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. मी माझी फाइल घेऊन सल्लागाराकडे गेलो होतो. त्याने पाच मिनिटांत ती परत दिली. साच्याच्या १८ लाखांचं बिलच नव्हतं. ती रक्कम पेटीच्या दरात मिसळलेली होती. जी पेटी मागवलीच नाही, तिचं बिल नाही, आणि ज्याचं बिल नाही ते थकलेलं कसं म्हणणार? म्हणजे नगावर खर्च पसरवायच्या आपल्या पद्धतीमुळे आपण स्वतःच कायद्याच्या बाहेर जाऊन उभे राहतो. डिझेलच्या काळात ही पद्धत चालली, कारण वीस हजार नग जाणारच होते. ज्या उद्योगात पंधरा महिन्यांत ड्रॉइंगच्या सहा आवृत्त्या निघतात, तिथे ही पद्धत म्हणजे कंपनीला बिनव्याजी, बिनतारण दिलेलं कर्ज आहे. तारण ठेवलंय ते आपल्या घराचं.

नव्या कंपनीत पैसे घालणाऱ्या गुंतवणूकदाराला हे चांगलं कळतं. तो दहा कंपन्यांत पैसे टाकतो, काही बुडणार हे धरूनच टाकतो, एखादी चालली की सगळं वसूल होतं. माझ्याकडे दहा घरं नाहीत.

म्हणून सर्व संघटनांनी मिळून एक नमुना करारनामा करावा. ज्या कंपनीचं उत्पादन बाजारात येऊन तीन वर्षं झालेली नाहीत, तिच्या कामात साच्याचं बिल वेगळं होईल. निम्मी रक्कम पोलाद कापायच्या आधी, उरलेली पहिला नमुना मंजूर झाल्यावर. ड्रॉइंग बदललं तर बदलाचा खर्च बदल करणाऱ्याचा. शेड्यूल सलग दोन महिने शून्य आलं, तर तयार मालाचे आणि खास त्या कामासाठी उचललेल्या कच्च्या मालाचे पैसे ४५ दिवसांत. साच्याची मालकी पैसे देणाऱ्याची, आणि पैसे पूर्ण मिळेपर्यंत ती टूलरूमची. यात मी काही नवीन मागत नाही. चीनमधला टूलमेकरही निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय पोलादाला हात लावत नाही, आणि आपल्याच नव्या कंपन्या त्याला ते मुकाट्याने पाठवतात.

यावर काय उत्तर येईल, ते मला ठाऊक आहे : अशी अट घातली तर काम राजकोटला जाईल, कोइम्बतूरला जाईल. एकट्याने घातली तर जाईलच. मी एकटा होतो, म्हणूनच मी १८ लाखांच्या कागदावर मान हलवली. संघटना असते ती नेमक्या अशाच कामासाठी. आणि ज्या कंपनीकडे साच्याचे निम्मे पैसेही नाहीत, ती पुढे महिन्याला दोन हजार पेट्या कुठून उचलणार होती, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

दुसरी एक चूक माझीच आहे, तीही सांगतो. मे २०२३ मध्ये मी फक्त कंपनीचं शेड्यूल पाहत होतो. देशात कुठल्या महिन्यात किती गाड्या नोंदल्या गेल्या, हे सरकारच्या वाहन पोर्टलवर कुणालाही दिसतं. अनुदानाची अधिसूचना जाहीर होती. ती वाचली असती तर मी रात्रपाळी लावली असती, पण विटा उधारीवर उचलल्या नसत्या. कांदा उत्पादकाला हे शिकवावं लागत नाही; लासलगावला आज आवक किती, निर्यातशुल्काचं दिल्लीत काय चाललंय, हे त्याला सकाळी चहाच्या आधी कळलेलं असतं. आपण कारखानदार म्हणवतो, पण गिऱ्हाइकाच्या एका ईमेलपलीकडे बघत नाही. संघटनांनी दर महिन्याला एक पान काढावं, मराठीत : ईव्हीची नोंदणी, लिथियमचा आणि ॲल्युमिनियमचा भाव, नव्या मानकांच्या तारखा, अनुदानाची मुदत. महिन्याला दोन दिवसांचं काम आहे. एखादा अभियंता नेमला तरी परवडेल.

बँकांशी बोलणंही आपल्यालाच करावं लागेल. साच्यासाठी कर्ज देताना बँक माझ्या घराची किंमत बघते, ज्याचं काम करतोय त्याच्याविषयी एक प्रश्न विचारत नाही. आणि शेड्यूल शून्य झालं की हप्ता त्याच तारखेला. नव्या उद्योगाच्या कामावरच्या कर्जाला सुरुवातीपासूनच सहा महिन्यांची सवलत बांधलेली असावी, मागणी कोसळल्याचं कागदावर दिसलं की ती लागू व्हावी. यावर बँकवाले काय म्हणतील माहीत नाही, पण अजून त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

माणसांचं मात्र कुठल्याच करारात बसत नाही. माझा वायरकटवाला निफाडचा, नऊ वर्षं माझ्याकडे होता. मशीनच्या आवाजावरून तार तुटणार हे त्याला दोन सेकंद आधी कळायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये मी त्याला अर्धा पगार देऊ शकलो. दसऱ्यानंतर तो चाकणला गेला. गेल्या वर्षी काम परत वाढलं तेव्हा मी त्याला फोन केला. मुलीची शाळा तिकडे सुरू झाली म्हणाला. त्याच्या जागी आलेला मुलगा मन लावून शिकतोय, पण तार तुटल्यावरच धावतो. मंदीच्या सहा महिन्यांत अशा माणसांना क्लस्टरमध्ये शिकवायला बोलावलं, थोडं मानधन दिलं, तर ती नाशिक सोडणार नाहीत. याचा खर्च एका स्वागत समारंभाएवढाही नाही.

तो तरुण मुलगा आता दुसऱ्या कंपनीत आहे, इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकीच्या मोटर कंट्रोलरवर काम करतोय. मागच्या महिन्यात तो नवं ड्रॉइंग घेऊन शेडमध्ये आला. चहा झाला, पोहे झाले. मागच्या रॅककडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. त्याचं डिझाइन पहिल्यापेक्षा चांगलं आहे. दोन आकाराचे बोर्ड बसतील अशी एकच पेटी, आणि साच्यात बदलता येणारा मधला तुकडा. ते त्याने स्वतःहून केलंय. मला हे काम करायचं आहे. साच्याची किंमत मी ११ लाख सांगितली आणि पहिल्यांदाच निम्मे आगाऊ मागितले. तो म्हणाला, "काका, साहेबांना विचारून सांगतो."

त्याच्या साहेबांनी मला विचारलं, नाशिकमध्ये असं कोण मागतं, तर दाखवायला माझ्याकडे आज काही नाही. संघटनेचा छापील करारनामा असता तर तो पुढे ठेवला असता. पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढा एक विषय घ्या. मसुद्याची चार पानं मी लिहून ठेवली आहेत, वकिलाकडून तपासूनही घेतली आहेत. त्या दिवशी त्यांच्या झेरॉक्स घेऊन येतो, आणि या वेळी पुढच्या रांगेत बसतो.

आपला,
अंबड औद्योगिक वसाहतीतला एक टूलरूमचालक
नाशिक